नाही हो, ती मादाम क्युरी नव्हती

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

भाचीच्या शाळेत आज फॅन्सी ड्रेस होता, विषय शास्त्रज्ञ. निम्मी पोरं पांढरा विग आणि कापसाच्या मिशा लावून आइनस्टाइन. दोन न्यूटन, हातात प्लॅस्टिकचं सफरचंद. आणि आमची नऊ वर्षांची बाई अंबाडा, गोल चष्मा, लांब स्कर्ट आणि हातात पुठ्ठ्याचा एक गोल नि एक चौकोन घेऊन जर्मन गणितज्ञ एमी नोएथर. टीचरनी चिठ्ठी बघितली, अडखळल्या, आणि माइकवर बिनधास्त म्हणाल्या, "आणि ही आपली मादाम क्युरी!" टाळ्या. ती "मी क्युरी नाहीये" म्हणेपर्यंत पुढचा आइनस्टाइन स्टेजवर.

बाई आहे ना, मग क्युरीच. झालं.

आता कुणीतरी म्हणेल की नोएथरचं काम अवघड, लोकांना कसं कळणार. अहो, सापेक्षता कुणाला कळलीये? त्या विगवाल्या पोरांना? त्यांच्या आईबापांना? मला तरी नाही. नोव्हेंबर १९१९ मध्ये सापेक्षतेला दुजोरा देणाऱ्या ग्रहणाच्या निरीक्षणांचे निकाल जाहीर झाले, पेपरांनी मोठ्या मथळ्यात छापले आणि आइनस्टाइन एका रात्रीत जगभर प्रसिद्ध झाला. नोएथरचा सिद्धांत त्याच्या एकच वर्ष आधीचा, १९१८ चा. तो छापून आला जर्मनीतल्या गटिंगेनच्या एका विद्वत्सभेच्या वृत्तांतात. तिथे कुठला बातमीदार जाणार?

आणि इतकाही अवघड नाहीये तो. भाचीला मी पुठ्ठ्यावरच दाखवला. गोल कितीही फिरवा, तसाच दिसतो. चौकोन मात्र पाव फेरी झाल्याशिवाय तसा दिसत नाही. निसर्गाच्या नियमांत त्या गोलासारखी सलग सममिती असेल तर तिच्या जोडीला काहीतरी कायम राहतंच, हे नोएथरबाईंनी गणिताने सिद्ध केलं. नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा कायम. इथे आहेत तेच तिथे, म्हणून संवेग (मोमेंटम) कायम. "ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही" हे आपण सगळ्यांनी घोकलंय, पण का, हे एका तरी सरांनी सांगितलं होतं का?

१९१५ मध्ये हिल्बर्ट आणि क्लाइन या बड्या गणितज्ञांनी तिला गटिंगेनला बोलावलं, पण बाई म्हणून विद्यापीठ नेमणूक देईना. मग लेक्चर हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि शिकवायची ही, पगार शून्य! स्वतःच्या नावाने शिकवायची परवानगी मिळाली १९१९ मध्ये. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून काढलं, अमेरिकेला गेली, दोन वर्षांत एका ऑपरेशननंतर वारली, वय ५३. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून तिची थोरवी सांगणारा कोण, तर आइनस्टाइन! ज्याचा विग घालून पोरं नाचतायत तोच सांगून गेला, तरी ऐकलं कुणी?

हां, फक्त बाई म्हणून असं होतं असंही नाही, मान्य. जॉन बार्डीन घ्या. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेला आजवरचा एकमेव माणूस, १९५६ ला ट्रान्झिस्टरसाठी, १९७२ ला अतिवाहकतेसाठी, म्हणजे वीज विनाअडथळा वाहते त्यासाठी. तुम्ही ज्या फोनवर हे वाचताय तो त्याच ट्रान्झिस्टरच्या वंशातला. पण माणूस शांत, केस नीट विंचरलेले. विग कसला करणार? बरं, किस्सा नाही म्हणावं तर तोही आहे. पहिल्या वेळी तीन मुलांपैकी एकच मूल बरोबर नेलं म्हणून स्वीडनच्या राजाने टोकलं, हा म्हणाला पुढच्या वेळी सगळ्यांना आणतो, आणि खरंच आणलं की! सफरचंदापेक्षा भारी गोष्ट आहे ही, पण सांगायचा कंटाळा करतो आपण.

आपण म्हणजे मीसुद्धा. एवढी तणतणतेय, पण नोएथर हे नाव मीच पहिल्यांदा ऐकलं डिग्री हातात पडल्यावर कित्येक वर्षांनी. टीचरसमोर चाळीस पोरं, एक रडतंय, एकाची मिशी निघालीये. त्यांना तरी काय बोलायचं.

भाचीला दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटवर तिचं नाव आणि कंसात मादाम क्युरी. घरी आल्या आल्या तिने स्केचपेनने क्युरी खोडून वर 'नोयेथर' लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. ताई म्हणाली, अगं खराब केलंस की सर्टिफिकेट. ती म्हणाली, आधीच खराब होतं.