अडीचशे किलो हवेत कसे उठतात? नान्नजच्या अण्णांना उत्तर

अण्णा, नमस्कार.

क्वेट्झलकोॲटलस, म्हणजे डायनासोरांच्या काळातला महाकाय टेरोसॉर (उडणारा सरीसृप), याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी अण्णांचं म्हणणं थोडक्यात असं: "लहानपणीच्या पुस्तकात या प्राण्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत पंधरा मीटर होते, तुम्ही ते साडेदहावर आणलेत आणि वजन मात्र अडीचशे किलोवर नेलंत. नान्नजच्या माळावर पंधरा किलोचा माळढोक उठताना किती दमतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि एवढी लांब चोच मासे धरायला नाही तर कशाला? तुम्ही त्याला शेतात हिंडायला लावलंय. शिवाय आख्खा सांगाडा कुठे सापडला ते सांगा."

शेवटचं आधी घेतो, कारण चूक माझी आहे. आख्खा सांगाडा कुठेच सापडलेला नाही. १९७१ साली टेक्सासमधल्या बिग बेंड उद्यानात डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला एका पंखाची हाडं मिळाली, आणि त्या महाकाय जातीचा, म्हणजे नॉर्थ्रोपीचा, मुख्य पुरावा आजही तोच पंख आहे. मान, डोकं वगैरे आपण काढतो ते त्याच परिसरात सापडलेल्या, साडेचार मीटर पंखांच्या धाकट्या भावावरून. त्याला २०२१ मध्ये लॉसनचंच नाव मिळालं, लॉसोनी. माझ्या लेखातलं चित्र बघून कुणालाही वाटेल की सगळी हाडं म्युझियममध्ये मांडून ठेवली आहेत.

तुमचे पंधरा मीटर काही हवेतून आलेले नाहीत. १९७५ च्या शोधनिबंधात लॉसननेच ११, साडेपंधरा आणि २१ मीटर असे तीन अंदाज दिले होते आणि मधला पसंत केला होता. हातात पंखाचा तुकडा, बाकीचं माप दुसऱ्या टेरोसॉरांवरून काढायचं, मग ज्याला नमुना धराल तसं उत्तर. पुढे याच्या जवळच्या नातेवाइकांची हाडं मिळाली तेव्हा कळलं की या घराण्यात पंख तोलणारं चौथं बोट तुलनेनं आखूड असतं. म्हणून आकडा १०–११ मीटरवर उतरला. तो लहान वाटत असेल तर मी काल केलं ते करून बघा. सुतळी घेऊन आमच्या गल्लीत साडेदहा मीटर मोजले, तर आमचं दार, शेजाऱ्यांचं दार आणि त्यापुढची दुचाकी धरूनही सुतळी उरली. समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "पाण्याची नवी लाइन टाकताय का?" मी हो म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर वेळ गेला असता.

आता वजन. जुन्या लेखांत ७० किलो वगैरे आकडे असत, आणि त्यामागे बरंचसं तुमचंच तर्कशास्त्र होतं: यापेक्षा जड असेल तर उडणार नाही, म्हणजे तेवढाच असणार. पण जिराफाएवढ्या उंच प्राण्याच्या अंगावर ७० किलोत मांस किती बसणार? हाडं पोकळ आणि पातळ भिंतींची धरूनही आताचे अंदाज २०० ते २५० किलोच्या घरात जातात.

आणि माळढोकाचं उदाहरण इथे तुमच्याच अंगावर येतं, अण्णा. पक्षी जमीन सोडतो तो पायांच्या जोरावर, पंखांचं काम त्यानंतरचं. म्हणजे उठायला एक यंत्रणा, उडायला दुसरी, आणि हवेत गेल्यावर पायांचे स्नायू म्हणजे नुसतं ओझं. पक्षी जितका मोठा तितकं हे गणित महाग. टेरोसॉर चार पायांवर चालत, त्यांचे ठसे मिळालेत. २००८ मध्ये मायकेल हबीब या संशोधकाने मांडलं की ते पुढच्या पायांवर, म्हणजे मिटलेल्या पंखांवरच जोर देऊन उसळत असावेत. ज्या स्नायूंनी उडायचं, त्याच स्नायूंनी उठायचं. टेरोसॉरांचं दंडाचं हाड मांडीच्या हाडापेक्षा कितीतरी दणकट असतं. नॉर्थ्रोपीचं दंडाचं हाड तर अर्ध्या मीटरहून लांब आहे. एवढं दणकट हाड नुसतं चालायला लागत नाही. हे सगळ्यांना मान्य आहे असं मात्र नाही. २०२१ मध्ये लॉसोनीचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्यांनी उलट म्हटलं, की तो मागच्या पायांवर उंच उडी मारून मग पंख फडकवत असावा. मला हबीबचं जास्त पटतं. पण दोन्ही बाजूंना तो उडत होता याबद्दल शंका नाही. वाद आहे तो उठण्याच्या पद्धतीवर.

जाता जाता, पंख म्हणजे ताणलेलं नुसतं कातडं नव्हतं. इतर टेरोसॉरांच्या चांगल्या जीवाश्मांत पडद्याच्या आत ओळीनं बसवलेले बारीक ताठ तंतू दिसतात. मागावर वाढलेल्या माणसाला हे समजावायला नको: चादर ताणली तर कुठे ताणायची आणि कुठे नाही, हे धागा ठरवतो.

माशांचं म्हणाल, तर पाणचिरा जसा खालची चोच पाण्यात बुडवून उडतो तसं हे करत असतील, ही कल्पना जुनी आहे. २००७ मध्ये जबड्यांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून बघितल्या तेव्हा मोठ्या टेरोसॉरांना हे परवडणारं नाही असं दिसलं. पाणचिऱ्याच्या जबड्यात आणि मानेत धक्का सोसायची जी सोय असते, तीही यांच्यात नाही. लॉसनला मिळालेलं हाड तर त्या काळच्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतलं होतं. लॉसनला स्वतःला तो गिधाडासारखा मढ्यावर जगणारा वाटला, पण मांस फाडायला आकडीची चोच लागते, ती याला नाही. मान लांब आणि ताठ, पाय लांब, पावलं आटोपशीर. २००८ मध्ये मार्क विटन आणि डॅरेन नेश या संशोधकांनी हे सगळं जुळवून सांगितलं की तो करकोच्यासारखा चालत चालत, सापडेल ते लहान जनावर उचलून गिळणारा होता. मोहोळकडे नांगरटीमागे गायबगळे बघितलेत ना? ट्रॅक्टरच्या मागे शिस्तीत चालतात, मान खाली घालतात, बेडूक उचलतात. आता त्या बगळ्याला जिराफाएवढा करा, आणि बेडकाच्या जागी डायनासोरचं पिल्लू ठेवा. मासे समोर आले तर सोडले असतील असं मी म्हणत नाही.

चित्राखाली आज ओळ घातली आहे: "पंखाची हाडं नॉर्थ्रोपीची, बाकी लॉसोनीवरून कल्पिलेलं." वजनापुढेही "सुमारे" टाकलंय. आणि नान्नजला पुढच्या वेळी माळढोक उठताना दिसला तर एवढं बघून ठेवा, पंख उघडण्याआधी त्याचे पाय काय करतात. फोटो निघाला तर इथेच टाका.