‘कुठेही डू लावा’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘फाडफाड इंग्रजीचे पाच सोनेरी नियम’ नावाचा एक मेसेज व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरतो आहे. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: पहिला नियम, कुठल्याही इंग्रजी नामाला ‘डू’ लावून टाका, समोरच्याला कळतं. दुसरा, काही नवीन तयार होत असेल तर ‘मेक’, नुसती कृती असेल तर ‘डू’. तिसरा, अडलं की मराठी क्रियापदाचं सरळ इंग्रजी करा, म्हणजे ‘घेणे’चं ‘टेक’ आणि ‘देणे’चं ‘गिव्ह’. चौथा, ‘टेक अ डिसिजन’ ही चूक आहे, फक्त ‘मेक’च बरोबर. पाचवा, या असल्या जोड्या परीक्षेत कोणी तपासत नाही.

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला नसता तर मी दुर्लक्ष केलं असतं. तिचं नर्सिंग झालंय, ब्रिटनला जायचं म्हणून नागपुरातच आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू आहे. तिने हे पाचही नियम सुवाच्य अक्षरात वहीत उतरवले आणि मला विचारलं, “मावशी, हे पाठ करून राहिली मी, बरोबर आहे न?” मी इंग्रजी शिकवते. मेहनती मुलीच्या वहीत असा कचरा पाहिला की माझा संताप होतो.

आधी तिसरा नियम घेते, कारण खरं नुकसान तो करतो. आपण परीक्षा देतो, म्हणून मुलं ‘गिव्ह अॅन एक्झाम’ म्हणतात. भारतात हे सर्रास चालतं, कोणाला खटकतही नाही. पण ब्रिटनमध्ये वा अमेरिकेत परीक्षा ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ही करतो. म्हणजे तिथल्या मुलाखतीत ‘मी अमुक परीक्षा गिव्ह केली’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की बाईंनी परीक्षा घेतली. अर्थ थेट उलटा! अनुभव आपण घेतो, पण ‘टेक एक्स्पीरियन्स’ म्हणत नाहीत, ‘गेन’ म्हणतात. तोच अनुभव म्हणजे एखादा प्रसंग असेल तर ‘हॅव’. शिक्षण घेतो, पण तिथे ‘गेट’ किंवा ‘रिसीव्ह’ लागतं. गुन्हा करतो, तर ‘कमिट’. प्रयत्न करतो, तर ‘मेक अॅन एफर्ट’.

नागपूरच्या मुलांना तर हा सापळा दुहेरी आहे. एका कानात मराठी, दुसऱ्या कानात हिंदी, आणि हिंदीही ‘परीक्षा देना’, ‘ध्यान देना’ असंच म्हणते. दोन्ही भाषांनी मान डोलावली की तिसरीही तसंच म्हणत असणार असं मुलांना वाटतं, यात त्यांचा दोष नाही. त्यात मेसेजवाल्याने उदाहरणं नेमकी जुळणारी निवडली आहेत: रस घेणे म्हणजे ‘टेक अॅन इंटरेस्ट’, जबाबदारी घेणे म्हणजे ‘टेक रिस्पॉन्सिबिलिटी’. या जोड्या खऱ्या आहेत, पण योगायोगाने. त्यांच्या भरवशावर मूल पुढचं वाक्य बोलतं आणि फसतं.

आपल्या मराठीकडेच बघा ना. अभ्यासाकडे लक्ष देतो, दुधावर लक्ष ठेवतो, मुख्याध्यापक एखाद्या प्रकरणात लक्ष घालतात, मोर्चा सरकारचं लक्ष वेधतो. नाम एकच, क्रियापदं चार, अर्थ चार. यामागचा नियम आपल्याला कोणत्या शाळेत शिकवला? राग येतो, राग धरतो, राग काढतो, राग गिळतो, हे आपण ऐकत ऐकत उचललं. आता इंग्रजीत या. लक्ष देणे ‘पे अटेन्शन’, तिथे ‘पे’ आहे पण पैशाचा काही संबंध नाही. लक्ष वेधणे ‘ड्रॉ अटेन्शन’. दुधावर लक्ष ठेवायचं म्हटलं की ‘अटेन्शन’ हा शब्दच गळतो आणि ‘कीप अॅन आय ऑन’ येतं. प्रकरणात लक्ष घालायचं तर ‘लुक इन्टू’, तिथे नामच उरत नाही. क्रियापदाचं क्रियापद करून इथे कुठे पोचणार? जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. या संगतीलाच ‘कलोकेशन’ म्हणतात.

दुसऱ्या नियमात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. चहा ‘मेक’ होतो, केक ‘मेक’ होतो, गृहपाठ आणि भांडी ‘डू’ होतात. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंपुरता आणि रोजच्या कामांपुरता तो बराचसा चालतो. पण अमूर्त नाम आलं की कोलमडतो. चूक केली तर काय तयार झालं? तरी ‘मेक अ मिस्टेक’च. डॉक्टर रोगाचं निदान करतात, रोग तर आधीपासूनच असतो, तरी ‘मेक अ डायग्नोसिस’. उलट नुकसान चांगलं ढळढळीत निर्माण होतं, पण ते ‘डू डॅमेज’. माझ्या भाचीला ‘डायग्नोसिस’ हा शब्द रोज लागणार आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम दिलं.

पहिल्या नियमाबद्दल फार बोलायला नको. ‘डू अ मिस्टेक’ म्हटलं तर समोरच्याला कळतं, हो. कळणं एवढंच हवं असतं तर तयारीला इतकी वर्षं कशाला घालवायची?

चौथा नियम सरळ चुकीचा आहे. ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश इंग्रजीत रुळलेलं आहे, अमेरिकेत ‘मेक’ जास्त. माझी भाची ब्रिटनला निघाली आहे आणि तिला हा शहाणा ब्रिटिश प्रयोगच खोडायला सांगतो.

आणि पाचवा, ‘कोणी तपासत नाही’. आयईएलटीएसच्या लेखनाला आणि बोलण्याला प्रत्येकी चार निकष असतात, चौघांचं वजन सारखं. त्यांतला एक शब्दसंपत्तीचा. गुण कसे देतात याचे तक्ते परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केले आहेत, फुकट वाचता येतात. त्यात सात बँडसमोर, म्हणजे सात गुणांच्या पातळीसमोर, ‘कलोकेशन’ची जाण दिसली पाहिजे असं त्याच शब्दात छापलं आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसच्या वाटेने जायचं तर बोलण्यात सातच लागतात. म्हणजे जी गोष्ट तपासत नाहीत म्हणून हा मेसेज सांगतो, ती नेमकी तिला हव्या असलेल्या बँडच्या ओळीत लिहिलेली आहे. मेसेज पुढे ढकलण्याआधी तो तक्ता एकदा उघडायचे कष्ट कोणीच घेतले नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तिच्या वहीतलं ते पान आम्ही काढून टाकलं. आता ती नवीन नाम एकटं लिहीत नाही, क्रियापदासकट आणि अख्ख्या वाक्यासकट लिहिते. ऑक्सफर्डचा कलोकेशनचा कोश २००२ पासून मिळतो. त्यात नाम काढायचं, म्हणजे त्याच्यासोबत चालणारी क्रियापदं दिसतात. ‘रिसर्च’ काढा: ‘डू’, ‘कंडक्ट’, ‘कॅरी आउट’ सापडतील, ‘मेक’ नाही. कोश विकत घ्यायचा नसेल तर ग्रंथालयात बसून उतरवून घ्या, पण शोधायचं ते नामाखाली, क्रियापदाखाली नाही.