शेळ्या हाकायच्या तर उंट उंच हवा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा जाणकार चाहता म्हणून आपल्याला नाव कमवायचे असेल, तर खेळाची समज ही त्यातली मोठी अडचण आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. समज असलेला माणूस सामना सुरू असतानाच मत देऊन बसतो आणि तासाभरात तोंडघशी पडतो; आपण मात्र अंतिम गुणसंख्या समजेपर्यंत मौन पाळावे आणि मग ‘मी आधीच म्हटले होते’ या शब्दांनी प्रारंभ करावा.

सरावासाठी व्हर्जिनिया विद्यापीठाचे टोनी बेनेट यांच्याइतका सोयीचा प्रशिक्षक शोधून सापडणार नाही. १६ मार्च २०१८ रोजी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा अव्वल मानांकित संघ सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकनाच्या यूएमबीसीकडून (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत अशा १३५ लढती त्यापूर्वी झाल्या होत्या आणि त्या सगळ्या अव्वल मानांकितांनीच जिंकल्या होत्या. अशा रात्री आपण बेनेट यांच्या ‘पॅक-लाइन’ बचावाला हात घालावा. चेंडूवरचा एक खेळाडू सोडून बाकीच्यांनी बास्केटभोवती दाटीने उभे राहायचे आणि प्रतिस्पर्ध्याला लांबूनच नेम धरायला लावायचे, ही पद्धत त्यांना वडील डिक बेनेट यांच्याकडून मिळाली. तेव्हा ‘वडिलोपार्जित जुनाटपणा’ हा शब्दप्रयोग आयताच हाती येतो. याच जुनाटपणाने त्या सामन्यापूर्वी ३३ पैकी ३१ सामने जिंकून दिले होते, हा तपशील चपलांसोबत दाराबाहेर ठेवावा. मनगट मोडल्यामुळे डीआंद्रे हंटर त्या रात्री खेळू शकला नव्हता, असे कोणी काढलेच, तर ‘मोठे प्रशिक्षक सबबी सांगत नाहीत’ असे ठणकावावे. सबब बेनेट यांनी नव्हे, समोरच्या गृहस्थाने सांगितलेली असते, पण तेवढे कोण पाहतो?

(व्हर्जिनियाचा संथ खेळ पाहताना मला स्वतःला दोनदा डुलकी लागली आहे, हे कबूल करतो. मात्र डुलकी हा डावपेचांवरचा आक्षेप ठरतो का, याविषयी मी साशंक आहे.)

एप्रिल २०१९ मध्ये तोच प्रशिक्षक, तोच बचाव आणि तोच संथपणा घेऊन व्हर्जिनियाने टेक्सास टेकला ८५-७७ असे हरवून विजेतेपद पटकावले. येथे गोंधळून जाऊ नये. आदल्या वर्षी जे शिळे होते, ते आता मुरलेले आहे, असे म्हणावे. पर्ड्यूविरुद्ध कीहे क्लार्कने मागे धावत चेंडू गाठून पुढे फेकला आणि मामादी डियाकिटेने शेवटच्या क्षणी बास्केट केली नसती, तर संघ उपांत्यपूर्व फेरीतच घरी गेला असता. पुढे ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरले असताना काइल गायने तिन्ही फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणाऱ्या मोफत फेकी) साधले म्हणून ६३-६२ असा निभाव लागला. यात दैवाचा वाटा किती, असे विचारणाऱ्याला पुढच्या सामन्याला बोलावू नये.

त्याच वर्षी बेनेट यांनी भरघोस पगारवाढ नाकारली. असे प्रशिक्षक चाहत्यांची फार गैरसोय करतात, कारण ‘एका पराभवाचे किती डॉलर’ हे आपले आवडते गणित त्यामुळे बेचव होते. तरीही धीर सोडू नये. २०२३ मध्ये त्याच क्लार्कने अखेरच्या क्षणांत फेकलेला चेंडू प्रतिस्पर्धी फर्मन विद्यापीठाच्या हाती पडला आणि व्हर्जिनिया ६७-६८ असा हरला. पहिल्या पासाचे श्रेय खेळाडूच्या उपजत बुद्धीला द्यावे, दुसऱ्याचा दोष प्रशिक्षकाच्या शिकवणीला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, बेनेट निवृत्त झाले. वर्षानुवर्षे ‘हे कधी जाणार’ असे विचारणाऱ्या आपण त्या दिवशी ‘असे कसे गेले’ असा संताप व्यक्त करावा. मार्च २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांच्या जागी रायन ओडम यांना कायमचे नेमले. २०१८ च्या त्या रात्री यूएमबीसीच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेले गृहस्थ ते हेच. ते जिंकले, तर आपण त्यांना त्याच रात्री हेरले होते. हरले, तर त्या रात्री त्यांचे नशीब जोरावर होते. दोन्ही वाक्ये आजच लिहून खिशात ठेवावीत.