कागद स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अभिलेखागारांसाठी, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांसाठी, संवाद आणि पाठपुरावा करण्याच्या कामावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सवडीने लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही संशोधक आहात आणि बरीच वर्षं वाचनकक्षांत बसून काम करता. सूची अपुऱ्या आहेत, कागदांचे तुकडे पडताहेत, मागितलेली फाइल वेळेवर हाती येत नाही. अशा वेळी प्रसिद्धीसाठी माणूस नेमणं ही उधळपट्टी आहे, असं तुम्ही म्हणता. कागदपत्रं आपलं महत्त्व आपणच सिद्ध करतात. दरवर्षी ९ जूनला, आंतरराष्ट्रीय अभिलेखागार दिनी, समाजमाध्यमांवर जुने फोटो टाकून एकही कागद नष्ट होण्यापासून वाचत नाही. आणि सर्वांत गंभीर आक्षेप म्हणजे, अभिलेखागाराने तटस्थ राहावं, सत्तेपुढे मागण्या करत फिरू नये.

कागद आपलं महत्त्व आपणच सिद्ध करतात, हे वाचनकक्षात बसलेल्या माणसाला खरं वाटणारच, कारण कागद त्याच्या हातात आलेला असतो. तो तिथवर पोचणार की नाही हे ठरवणारी माणसं मात्र सहसा वाचनकक्षात पाऊल ठेवत नाहीत.

सिअ‍ॅटलचं बघा. तिथल्या अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शाखेत वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो आणि अलास्का या राज्यांशी संबंधित संघराज्य सरकारची कागदपत्रं आहेत. मूलनिवासी जमातींच्या जमिनी, शाळा आणि वंशावळी यांच्या नोंदीही त्यातच. जानेवारी २०२० मध्ये ती इमारत विकायला मंजुरी मिळाली. कागद कॅन्सस सिटीला आणि कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला, म्हणजे ज्यांचे ते कागद त्यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर, जाणार होते. मंजुरी देणाऱ्यांना दिसत होती एक मोक्याची जागा आणि तिच्यावरची देखभाल रखडलेली इमारत. जमातींशी आधी नीट सल्लामसलतही झाली नव्हती. मग जमाती, इतिहाससंस्था, आणि वॉशिंग्टन व ओरेगॉन ही राज्यं न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीला मनाई मिळाली आणि एप्रिलमध्ये मंजुरीच मागे घेतली गेली. त्या नोंदींचं मोल आधीही तेवढंच होतं. फरक पडला तो माणसं बोलायला उभी राहिल्याने.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनचं आहे. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांची बोटीतून उतरतानाची कार्डं तिथल्या गृहखात्याकडे पडून होती. ती अभिलेखागारापर्यंत पोचलीच नाहीत. २०१० मध्ये खात्याने ती नष्ट केली. पुढे लहानपणी तिथे आलेल्या आणि सगळं आयुष्य तिथेच काढलेल्या माणसांकडे पुरावे मागितले गेले, कुणाची नोकरी गेली, कुणाला देशाबाहेर धाडलं. तेव्हा कुठे, २०१८ मध्ये, या कार्डांची चर्चा झाली. अशा चौकशांमध्ये आम्ही ती बघायचो, असं गृहखात्यातल्या एका माजी कर्मचाऱ्याने सांगितलं. कागदांचं महत्त्व सिद्ध झालं खरं, पण तोवर कागदच उरले नव्हते.

आता उधळपट्टीबद्दल. प्रसिद्धीवर खर्च झालेला पैसा जतनाच्या पैशातून कापला जातो, असं तुम्ही गृहीत धरता. छोट्या संस्थेत तसं होऊ शकतं आणि तिथे मी तुमच्याच बाजूने उभी राहीन. पण जतनाचा पैसा मुळात येतो कुठून? ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्थितीवरचा, माजी सनदी अधिकारी डेव्हिड ट्यून यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनिफिती आणि फिल्म नासत चालल्या आहेत हे तज्ज्ञांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. अ‍ॅसिटेट फिल्म बिघडायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस भपकारा येतो, मग फिल्म आकसते, वाकडी होते. थंड जागी ठेवून हा बिघाड मंदावता येतो, पण झालेलं नुकसान भरून येत नाही. ध्वनिफितींचं दुखणं आणखी वेगळं. फीत धड असली तरी ती वाजवणारी यंत्रं आता जवळजवळ कुणी बनवत नाही आणि दुरुस्त करणारे हात कमी होताहेत. त्या देशाच्या चित्रपट-ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच बजावलं होतं की, २०२५ पर्यंत अंकीकरण, म्हणजे डिजिटल नक्कल, झालं नाही तर बहुतेक फिती हातच्या जातील. अहवालानंतर लेखक आणि इतिहासकारांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिलं, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, आणि १ जुलै २०२१ रोजी सरकारने ६ कोटी ७७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. एवढा पैसा एखाद्या संस्थेच्या अंतर्गत काटकसरीतून कधीच उभा राहिला नसता.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते चित्रपट-ध्वनी अभिलेखागाराने वर्ष सांगून टाकणं. ‘आपला वारसा धोक्यात आहे’ या वाक्याने कुठलीही फाइल हलत नाही. अमुक सालानंतर हे ऐकता येणार नाही, असं म्हटलं की निर्णय घेणाऱ्याला तो पुढे ढकलल्याची जबाबदारी घ्यावी लागते.

माझ्या कामाचा मोठा भाग असाच असतो, पडद्यामागचा. अंदाजपत्रकाच्या आधी वरिष्ठांसाठी एक पानाचं टिपण करायचं असतं. सहकाऱ्यांच्या कच्च्या मसुद्यात बहुधा पहिल्या ओळीत शेल्फांची लांबी असते आणि दुसऱ्या ओळीत सूचीकरणाची थकबाकी. दोन्ही आकडे खरे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. म्हणून मी वाचनकक्षातल्या सहकाऱ्याला विचारते, अलीकडे कोण कोण येऊन गेलं? बंद पडलेल्या कारखान्याची हजेरीपुस्तकं शोधणारी निवृत्तिवेतनाची अर्जदार, पुलाचे मूळ नकाशे हवे असलेले अभियंते, दत्तक गेलेला आणि स्वतःच्या जन्माची नोंद शोधणारा माणूस. नाव न घेता ही माणसं टिपणाच्या वरच्या भागात येतात. थकबाकीचा आकडा त्यांच्या खाली येतो, आणि आता त्याला अर्थ असतो: सूची झालेली नाही म्हणून यांतल्या कुणाला रिकाम्या हाती परतावं लागलं.

फोटोंवरचा तुमचा राग मला अर्धा पटतो. संदर्भ क्रमांक नाही, कुणी काढला, कधी काढला याचा पत्ता नाही, असा फोटो निव्वळ शोभेचा. तो पाहून कुणाला मूळ कागदापर्यंत पोचता येत नाही. पण काय दाखवायचं आणि काय नाही, हे योग्य तऱ्हेने ठरवणंसुद्धा अभिलेखागाराचंच काम आहे. एकदा मनोरुग्णालयाचं जुनं दाखलनोंद पुस्तक समोर आलं. अक्षर अप्रतिम, शाई अजून काळीभोर, पान उघडलं की बघत राहावं असं. ते टाकू या, असा आग्रह होता. त्या पानावर रुग्णांची नावं होती आणि नावांपुढच्या रकान्यात ‘आजाराचं कारण’. मी नकार दिला. त्याऐवजी फक्त छापील रकान्यांची पट्टी दाखवली, खाली संदर्भ क्रमांक आणि पुस्तक पाहण्याचे नियम दिले. तेवढ्यावरून कळत होतं की त्या काळी माणसाबद्दल काय काय विचारलं जाई. पुस्तक पाहायला मिळेल का, अशी विचारणाही त्यानंतर झाली.

वाचनकक्षाच्या वेळा कापलेल्या असताना ‘या आणि आपला इतिहास शोधा’ अशी मोहीम काढायला मात्र माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. आलेल्या माणसाला परत पाठवणारी प्रसिद्धी संस्थेचं नुकसानच करते.

राहिला तटस्थतेचा मुद्दा. डिसेंबर १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एर्फुर्टमध्ये गुप्त पोलिसांच्या कार्यालयाच्या धुराड्यातून धूर येताना लोकांना दिसला. फायली जाळल्या जाताहेत हे ओळखून ४ डिसेंबरला नागरिक, त्यांत आघाडीवर काही स्त्रिया, आत शिरले आणि त्यांनी ते थांबवलं. इतर शहरांतही तेच झालं. १९९१ च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःवरची फाइल पाहायचा हक्क मिळाला, तो या धाडसामुळे. त्या लोकांनी फायलीत काय लिहिलंय याची बाजू घेतली नव्हती. फायली राहिल्या पाहिजेत, एवढीच त्यांची मागणी होती. अभिलेखागाराची तटस्थता मी अशीच समजते. कुणाचा कागद ठेवायचा, कुणाला दाखवायचा, यात पक्षपात नको. पण कागद टिकावेत की नाही, या प्रश्नावर अभिलेखागार तटस्थ राहिलं तर ते आपलं कामच सोडून देतं. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने २०१० मध्ये स्वीकारलेल्या आणि युनेस्कोने २०११ मध्ये पाठिंबा दिलेल्या जागतिक जाहीरनाम्यात योग्य कायदे, पुरेसा निधी आणि प्रशिक्षित माणसं मिळावीत यासाठी झटण्याचं वचन स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मागणी करणं हा आमचा अतिरेक नाही, ती पेशाने स्वीकारलेली जबाबदारी आहे.

एक अडचण मात्र खरी. सरकारी अभिलेखपाल स्वतःच्या खात्याविरुद्ध जाहीरपणे बोलू शकत नाही. म्हणून सिअ‍ॅटलमध्ये जमाती बोलल्या, ऑस्ट्रेलियात लेखक बोलले. तुमच्यासारख्या संशोधकाचा शब्द तिथे माझ्या दहा टिपणांपेक्षा जड ठरतो. तेव्हा माझी विनंती अशी: पुढच्या लेखात अभिलेखागाराचं नाव आणि संदर्भ क्रमांक पूर्ण द्या, छापून आल्यावर एक प्रत तिथे पाठवा, आणि फाइल मिळायला उशीर होतो ही तक्रार माझ्याकडे मांडलीत तशीच, तारखांसह, संस्थेच्या प्रमुखांकडे लेखी द्या. अशा पत्रांच्या आधारे आम्हाला माणसं मागता येतात. सूचीच्या थकबाकीवर मी स्वतंत्र लेख लिहिणार आहे. तुमची हरकत नसेल तर प्रतिक्रियेतला तो भाग तुमचं नाव न घेता त्यात वापरू का, तेवढं कळवा.