‘छोट्या धंद्याला गुगल ॲनालिटिक्सच हवं’ या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि वेबसाइट बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतोय. थोडक्यात तो असा: गुगल ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर किती लोक आले, कुठून आले हे मोजणारं गुगलचं टूल, फुकट आहे, आकडे अचूक देतं, ते लावलं की साइट गुगलवर वर येते. स्वतःच्या सर्व्हरवर टूल बसवायचं तर पदरी इंजिनिअर हवा. आणि एवढा खटाटोप कशाला, आपल्या गिऱ्हाइकाला प्रायव्हसीचं काही पडलेलं नाही. महाद्वार रोडचा चप्पलवाला, गुजरीतला सराफ, शिरोलीतला फाउंड्रीवाला, राजारामपुरीतला क्लासवाला, सगळ्यांना हाच सल्ला मिळतो. मी अशाच छोट्या व्यवसायांच्या साइट सांभाळतो. या मेसेजमधला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही, आणि काही मुद्द्यांनी लोकांचं नुकसान होतंय, म्हणून हे लिहितोय.

रँकिंगचं लगेच सांगून टाकतो. ॲनालिटिक्स लावल्याने साइट वर येत नाही आणि काढल्याने खाली जात नाही, हे गुगलच्याच लोकांनी अनेकदा सांगितलंय. लोक काय शोधून तुमच्या साइटवर आले हे पाहायचं असेल तर त्यासाठी सर्च कन्सोल आहे. ते वेगळं आहे, मोफत आहे आणि त्यासाठी साइटवर माग काढणारी कोणतीही स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत चालणारा छोटा कोड, लागत नाही. ते जरूर वापरा.

आता ‘फुकट’. गुगलने 2005 मध्ये साइटचे आकडे मोजणारी अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी ॲनालिटिक्स मोफत सुरू केलं. पुढे लाखो दुकानदारांनी त्यात वर्षानुवर्षांचे आकडे साठवले. 1 जुलै 2023 ला जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने नवे आकडे घेणं थांबवलं आणि 1 जुलै 2024 पासून जुने आकडे पाहणंही बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या जीए4 मध्ये, म्हणजे गुगल ॲनालिटिक्सच्या नव्या आवृत्तीत, तो इतिहास आला नाही. ज्यांनी वेळेत उतरवून घेतला नाही, त्यांचे दिवाळी-दिवाळीचे, गुळाच्या हंगामाचे, लग्नसराईचे सगळे आकडे गेले. आपली रोजकीर्द दुसऱ्याच्या दुकानात ठेवली की त्याने दुकान कधी आवरायचं हे तोच ठरवतो.

जीए4 मध्येही तपशिलाचा डेटा मुळात दोन महिने राहतो आणि मोफत खात्यात फार तर 14 महिन्यांपर्यंत वाढवता येतो. एकत्रित रिपोर्ट पुढेही दिसतात, पण सखोल तुलना करायची वेळ आली की ही मर्यादा आडवी येते. दोन महिन्यांचं ते सेटिंग कुणी बदलल्याचं मला क्वचितच दिसतं.

अचूकतेबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. जाहिराती आणि माग काढणारा कोड अडवणारं युब्लॉक ओरिजिन किंवा ब्रेव्ह ब्राउझर वापरणारा माणूस गुगल ॲनालिटिक्सला दिसतच नाही. शिवाय थोड्या लोकांच्या माहितीवरून कुणाची ओळख पटू नये म्हणून जीए4 काही ओळी लपवतं. हे धोरण योग्यच आहे, पण ज्या साइटवर मुळात येणारेच कमी, तिथे नेमक्या कामाच्या ओळी त्यात जाऊ शकतात. स्वतःच्या डोमेनवर बसवलेलं टूल त्या मानाने कमी अडवलं जातं. अडवलं जातच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मटोमो या अशाच एका टूलच्या स्क्रिप्टचं नेहमीचं नावसुद्धा ब्लॉकरच्या याद्यांत आहे.

कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण, न वापरणाऱ्या टूलची अडचण वेगळी आहे. त्यातलंच एक प्लॉजिबल. ते आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), ब्राउझरची माहिती आणि साइटचं नाव यांत रोज बदलणारा एक गुप्त आकडा मिसळून हॅश, म्हणजे उलटा उलगडता न येणारा सांकेतिक क्रमांक, बनवतं आणि त्यावरून माणसं मोजतं. दिवस संपला की तो आकडा नष्ट होतो, त्यामुळे कालचा माणूस आज ओळखता येत नाही. कोल्हापुरी साज घेणारी बाई तीन वेगवेगळ्या दिवशी साइट पाहून मग दुकानात आली, तर ती तीन जणी म्हणून मोजली जाते. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक ठेवतात. एकाच मॉडेलचे दोन फोन त्या एका आयपीवरून आले तर दोघे मिळून एकच मोजले जाऊ शकतात. म्हणून ‘किती माणसं’ या आकड्याकडे कल म्हणून पाहा, हिशेब म्हणून नको.

शहराच्या आकड्यावर तर कोणत्याच टूलमध्ये विसंबू नका. कोल्हापुरात बसून मोबाइलवर साइट उघडणारा अनेकदा मुंबई किंवा पुण्याचा दिसतो, कारण आयपीची नोंद तिथली असते. देशाचा आकडा बराच भरवशाचा असतो. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि वाद उठला. अशा वेळी साइटवर बाहेरच्या देशातून किती लोक आले, हे चप्पल विकणाऱ्याला खरंच पाहावंसं वाटतं. ते सगळीच टूल सांगतात. गिऱ्हाइकाची ओळख साठवण्याची त्यासाठी गरज पडत नाही.

इथल्या दुकानाला कामाचे प्रश्न मोजकेच असतात. लोक कुठून आले, कोणतं पान पाहिलं, व्हॉट्सॲपचं बटण किंवा फोन नंबर दाबला का. यातला पहिला प्रश्न गुगलही नीट सोडवत नाही, कारण व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून आलेला माणूस बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदवला जातो. लिंकच्या शेवटी यूटीएम, म्हणजे लिंक कुठे टाकली हे सांगणारे शब्द, जोडा, म्हणजे ग्रुपवरून आलेले आणि इन्स्टाग्रामवरून आलेले वेगळे कळतात. ही सोय मटोमो, प्लॉजिबल आणि उमामी नावाचं आणखी एक टूल, तिन्हींत आहे. बटण मोजायला उमामीत एचटीएमएलमध्ये एक शब्द वाढवला की पुरतं.

राहिला इंजिनिअर. ज्यांची साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि तो सांभाळायला सीपॅनेल हे पॅनेल मिळालंय, त्यांनी आधी पॅनेल उघडून पाहावं. बहुतेक ठिकाणी एडब्ल्यूस्टॅट्स हे मोजणी करणारं टूल आधीपासून असतं. ते सर्व्हरच्या नोंदींवरून (लॉग) मोजतं, त्यामुळे बॉटचे, म्हणजे माणसाऐवजी साइट उघडणाऱ्या प्रोग्रामचे, आकडे मिसळून संख्या फुगते, पण पानांचा अंदाज येतो आणि काहीही बसवावं लागत नाही. त्याच होस्टिंगवर मटोमोही बसू शकतं. ते पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, 2007 पासून आहे, आधी पिविक नावाने होतं आणि 2018 मध्ये नाव बदललं. वर्डप्रेस बसवता येणाऱ्याला मटोमो बसवता येतं. हीटमॅप (पानावर लोक कुठे दाबतात याचं चित्र) आणि फनेल (खरेदीच्या कोणत्या टप्प्यावर किती जण गळाले) मात्र पैसे देऊन घ्यावे लागतात.

वेगळा व्हीपीएस, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर, घेणार असाल तर गोटकाउंटर हे टूल पाहा. एकच फाइल, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालते, अगदी लहान सर्व्हर पुरतो. माझ्या मते दहा-बारा पानांच्या साइटला याहून जास्त काही लागत नाही. उमामीचा डॅशबोर्ड जास्त देखणा आहे, त्याला सर्व्हरवर नोड आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो. प्लॉजिबलची स्क्रिप्ट अगदी लहान आहे, पण स्वतः चालवायचं तर क्लिकहाउस या डेटाबेससह किमान दोन जीबी रॅम धरा. मोफत कम्युनिटी आवृत्तीत फनेल मिळत नाही.

‘स्वतःचा सर्व्हर’ ऐकून लोकांना दुकानातल्या कपाटामागचा कॉम्प्युटर आठवतो. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या माणसाची ती भीती रास्त आहे. पण तसं कुणी करत नाही. महिन्याला काहीशे रुपयांत डेटा सेंटरमधला व्हीपीएस मिळतो, आणि बॅकअप मात्र दुसऱ्या जागी ठेवायचा.

मेसेजमधल्या इंजिनिअरच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे, ती मान्य करतो. बसवणं सोपं, सांभाळणं हे काम. साइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या रिॲक्ट या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरकडच्या भागातला अत्यंत गंभीर दोष डिसेंबर 2025 मध्ये उघड झाला आणि त्यावर आधारलेलं नेक्स्ट जेएसही त्यात सापडलं. उमामी नेक्स्ट जेएसवरच बांधलेलं आहे. ज्यांनी लगेच अपडेट केलं नाही त्यांचे सर्व्हर उघडे पडले. म्हणून टूल निवडताना पहिला प्रश्न ‘अपडेट कोण करणार?’ हा विचारा. उत्तर नसेल तर एडब्ल्यूस्टॅट्सवर थांबा, किंवा याच टूलची पैसे देऊन मिळणारी सेवा घ्या. कुणी लक्ष न देणारा सर्व्हर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने गुगलपेक्षा वाईट.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘गिऱ्हाइकाला काही पडलेलं नाही.’ कोल्हापुरात उपचारांसाठी सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बेळगावहून लोक येतात. येण्याआधी ते दवाखान्याची साइट उघडतात. वंध्यत्वाचं पान, त्वचारोगाचं पान, मानसोपचाराचं पान. गुगल ॲनालिटिक्स असेल तर त्या पानाचा पत्ता आणि त्या ब्राउझरला दिलेला क्रमांक, दोन्ही जाहिरातीवर चालणाऱ्या एका कंपनीकडे जातात. जीए4 आयपी साठवत नाही हे खरं आहे, तरीही पान आणि क्रमांक पोचतातच. सासरच्यांपासून लपवून रात्री ते पान वाचणाऱ्या बाईला कुणी विचारलं का? तिला पडलेलं नाही हे कुणी ठरवलं? तिने तक्रार केली नाही, कारण तिला हे कळलंच नाही.

युरोपात हाच प्रश्न तक्रारींतून पुढे आला. 2022 मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटलीच्या नियामकांनी गुगल ॲनालिटिक्समधून माहिती अमेरिकेत जाणं त्यांच्या कायद्याविरुद्ध ठरवलं. 2023 मध्ये युरोप-अमेरिका यांच्यात नवी व्यवस्था झाली आणि तो पेच सैल झाला. तेव्हा ‘गुगल ॲनालिटिक्स युरोपात बेकायदा आहे’ असं सरसकट सांगणारेही अर्धवटच सांगतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती घ्यायची तर ती स्पष्ट आणि मोकळेपणाने दिलेली हवी, आणि सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. माहिती दुसऱ्या कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी साइटच्या मालकाचीच राहते. क्लासवाल्यांनी कलम 9 वाचावं. 18 वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना उद्देशून जाहिराती करणं याला त्यात मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत मर्यादित सूट आहे, पण ती शिकवण्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी. दहावीच्या पोरांचा माग काढणारी स्क्रिप्ट प्रवेशाच्या जाहिरातीसाठी साइटवर ठेवणं त्यात बसत नाही.

गुगल जाहिरातींवर दरमहा मोठी रक्कम घालणाऱ्याला जीए4 ची जोडणी उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण तिथेही विक्री मोजायला गुगल ॲड्सचा स्वतःचा टॅग असतो आणि तो फक्त ‘ऑर्डर मिळाली’ या पानापुरता ठेवता येतो.

आणि टूल बदललंत तर जुना टॅग, म्हणजे आधीच्या टूलचा साइटवरचा कोड, काढा. नवं मटोमो दिमाखात चालू आणि मागे गुगलचा कोड तसाच, अशा साइट मला वरचेवर दिसतात. थीमच्या हेडरमध्ये, प्लगिनमध्ये आणि असे टॅग एकत्र ठेवणाऱ्या गुगलच्या टॅग मॅनेजरमध्ये, तिन्हीकडे शोधा. फेसबुक पिक्सेल, म्हणजे फेसबुकचा माग काढणारा कोड, कुणी कधी बसवला होता का, तेही बघा. पत्त्यासाठी लावलेला गुगल मॅप आणि मुखपृष्ठावरचा यूट्यूब व्हिडिओसुद्धा पान उघडताच गुगलशी बोलतात. नकाशाच्या जागी साधं चित्र आणि त्यावर लिंक दिली तरी गिऱ्हाइक दुकानापर्यंत पोचतं.