पिंग वरूनच येतो

काल रात्री मला एका बारा-तेरा वर्षांच्या पोरानं हाकललं. म्हणजे आवाजावरून बारा-तेरा, दिसत कुणीच कुणाला नसतं. बीजीएमआयचा, म्हणजे पूर्वीच्या पबजीचा, शेवटचा झोन, शंभरातले आठ जण उरलेले, आमचे चौघेही जिवंत. मी गवतात पालथा, समोर शत्रू, नेम धरलेला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे माझा इशारा सर्व्हरला जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा, हिरवा आकडा लाल झाला : ६४०. मी गोळी झाडली, ती निघालीच नाही. शत्रू जागच्या जागी धावत राहिला. मग चित्र सुटलं तेव्हा मी मेलेलो होतो आणि माझ्या खोक्यातलं सामान कुणीतरी नेलंही होतं. कानात आवाज आला, "काका, आधी नेट भरा, मग या."

काका! माइकवर मी फक्त "कव्हर दे" म्हणालो होतो. तेवढ्यावरून यानं वय काढलं. वर नेट भरा म्हणे. अरे, वर्षाचं एकरकमी भरलंय.

हा खेळ आमच्या घराला कधीच मानवला नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदीची बातमी आली तेव्हा आईनं शिरा केला होता. पुढे जुलै २०२१ मध्ये नाव बदलून तो परत आला, जुलै २०२२ मध्ये सरकारी आदेशानं पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. आता अठराच्या आतल्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येतं आणि त्यासाठी आईबापाचा ओटीपी लागतो. म्हणजे मला काका म्हणणारं ते कार्टं परवानगी घेऊन आलं होतं.

असो. रात्रीच तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी नेटवाल्यांचा मुलगा आला. बूट काढले, राउटरसमोर उभा राहिला आणि स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. राउटरपासून वीतभर अंतरावर. काटा सर्रकन वर गेला.

"बघा सर, अठ्ठ्याण्णव. शंभरचाच प्लॅन आहे ना तुमचा?"

"हो, पण स्पीडची तक्रारच नाहीये माझी. पिंग वाढतो."

"स्पीड तर फुल येतोय सर."

"अहो दादा, स्पीड वेगळा, पिंग वेगळा. रस्ता कितीही रुंद असू दे, खंबाटकी घाटात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात तर साताऱ्याला कधी पोचाल?"

तो मान हलवत ऐकत होता. इतक्या शांतपणे माझं या घरात कुणी ऐकत नाही, म्हणून मी वाहवत गेलो. त्याला सांगितलं की फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर अगदी सिंगापूरला धरला, तरी मुंबईहून ते सरळ रेषेत चार हजार किलोमीटरसुद्धा नाही. जाऊन परत यायचं म्हटलं तरी हिशेबानं चाळीस मिलिसेकंद. मग आमच्या धायरीतल्या हॉलमधून निघालेली गोळी ६४० मिलिसेकंद करते काय?

त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "सिंगापूरला कुणी असतं का सर तुमचं? व्हॉट्सअॅप कॉल करा, आयएसडी महाग पडेल."

मी पाणी प्यायलो. त्यानंही मागितलं.

"हे बघा," मी पुन्हा सुरुवात केली, "रोज रात्री साडेदहाच्या सुमाराला पिंग वीसवरून सहाशेवर जातो. का जातो?"

"पिंग वरून येतो सर."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यानं बोट वर केलं. मीही वर पाहिलं. पंखा होता. आमच्याकडे पाणी कमी येतं ते वरून, लाइट जाते ती वरून, पगारवाढ अडते तीही वरूनच. आता माझी गोळीसुद्धा वर अडकली होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. चहा देऊन ती परत आत जाईल, ही माझी अपेक्षा.

"गाव कुठलं रे बाळा तुझं?"

"करमाळा."

"करमाळ्यात कुठं?"

"जेऊर."

"अगंबाई! स्टेशनच्या अलीकडे आमच्या मावशी राहायच्या. कमलादेवीच्या देवळातली ती शहाण्णव पायऱ्यांची विहीर, लहानपणी मोजत उतरायचो आम्ही. अजून आहे ना रे?"

विहीर होती. पायऱ्याही शहाण्णवच होत्या, त्यानं खात्री दिली. पुढचा बराच वेळ माझ्या ६४० ला कुणी विचारलं नाही. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं, उजनीचं पाणी शेजारच्या वस्तीपर्यंत आलं पण यांच्यापर्यंत आलं नाही (वरून आलं नाही, हे त्यानं सांगायची गरजच नव्हती). दुसरा चहा झाला. मग तो उठला आणि म्हणाला, "सर, ओटीपी सांगा."

"कसला?"

"कंप्लेंट क्लोज करायची."

"अहो, पण सॉल्व्ह कुठं झालीय?"

"सॉल्व्ह होईल ना सर नंतर. आधी क्लोज करू. वेळेत क्लोज नाही झाली तर माझे पैसे कापतात."

इथं खेळ संपला. "पैसे कापतात?" आईचा आवाज बदलला. "अहो, ऐकलंत का? त्याला तो ओटीपी द्या बरं!" कनेक्शन बाबांच्या नावावर आहे. बाबा आतून चष्मा लावून आले, दूरध्वनीच्या काळातल्या सवयीनं एकेक आकडा सुटा उच्चारून त्यांनी ओटीपी दिला आणि पाठोपाठ आलेल्या मेसेजवर पाच तारेही दिले. "मुलगा चांगला होता," म्हणाले. चांगला होताच. माझा राग त्याच्यावर नाहीच. सोडवण्याचे पैसे न देता मिटवण्याचे पैसे देणारी जी कुणी मंडळी वर बसली आहेत, त्यांना कधी चहा द्यावा लागत नाही. त्यांच्या दप्तरी मी आता एक समाधानी ग्राहक आहे.

आणि प्रश्न फक्त खेळाचा नाही हो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून गोठतं आणि सगळे जण ते मोठ्या पडद्यावर बघतात. सिंहगड रोडवर फलक लागतात शंभरचे, दोनशेचे, तीनशेचे. घरातल्या एकानं काही अपलोड करायला घेतलं की बाकीच्यांचं काय होतं, ते एकाही फलकावर नसतं. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की ते ब्रॉडबँड. त्याच व्याख्येत परस्परसंवादी सेवांचाही उल्लेख आहे. माझा संवाद होतो, फक्त मी मेल्यानंतर.

शेवटी रात्री मीच पाळत ठेवली. दहा वाजता पिंग २२. सव्वादहाला २२. साडेदहाला बाबांनी दिवाणाशेजारी मोबाइल चार्जिंगला लावला. ५८०.

बॅकअप! चार्जिंग सुरू झालं आणि वायफाय मिळालं की त्यांचा फोन दिवसभराचा ऐवज वर पाठवायला घेतो. हास्यक्लबाची सहल, तिचे सगळ्यांनी सगळ्यांना पाठवलेले व्हिडिओ आणि तीन ग्रुपवर आलेली एकच शुभ सकाळ तीनदा. अपलोडची वाट भरली की राउटर कुणाला नाही म्हणत नाही, सगळ्यांना आत घेऊन रांगेत उभं करतो. माझी गोळी म्हणजे काही बाइटचा जीव, तो या शुभेच्छांच्या मागं तिष्ठत राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. शासनाला दोन वेळा जे जमलं नाही, ते बाबांचा फोन रोज रात्री करतो.

"बाबा, फोन दुपारी चार्जिंगला लावत जा ना."

"दुपारी मी तो वापरतो."

"मग बॅकअप बंद करू?"

"आणि फोन हरवला म्हणजे? तुझ्या मुंजीचे फोटो आहेत त्यात. मागच्या आठवड्यात अल्बमवरून काढले मी, एकेक करून."

यावर काय बोलणार? उपाय एकच : राउटरमध्ये शिरून अपलोडला लगाम घालायचा. राउटरनं पासवर्ड मागितला. डब्याखाली छापलेला चालेना. जेऊरच्या मुलाला फोन केला. आवाज ओळखून त्यानं आधी आईची चौकशी केली.

"पासवर्ड आमच्याकडे नसतो सर, तो वरून सेट होतो. तुम्ही नवीन कंप्लेंट टाका."

"टाकतो. मग?"

"रजिस्टर नंबरवर ओटीपी येईल, तो टाकला की कंप्लेंट लागते."

रजिस्टर नंबर दिवाणाशेजारी चार्जिंगला होता. मेसेज बघायला मी तो हातात घेतला, वायर निसटली आणि बाबा झोपेतून म्हणाले, "लाव रे ते परत."