तिलारीचा उतार जपून उतरा

आंबोली, चंदगड, तिलारी घाट, दोडामार्ग अशा महाराष्ट्र-कर्नाटक-गोवा सीमाभागातल्या सायकलफेरीवरचा लेख फार आवडला. फक्त तिलारीचा उतार एका ओळीत उरकलाय, म्हणून लिहिते.

आम्ही तिघी बोरिवलीकर. कान्हेरी लेण्यांचा चढ रोजचा, त्यामुळे सावंतवाडीहून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला दमत-थांबत का होईना, पोचलो. चढ माणसाला दमवतो, पण घात करतो तो उतार. तिलारीची वळणं इतकी तीव्र की मी ब्रेक दाबूनच धरले. रिमब्रेकची सायकल, म्हणजे ब्रेकचं रबर थेट चाकाच्या कडेला, रिमला घासतं; त्यात मागे सामानाच्या दोन पिशव्या. रिम तापून रबराचा वास आला आणि पुढच्या वळणाआधी मागची ट्यूब फुटली. रिमला बोट लावलं तर चटकाच बसला! नशीब, वेग कमी होता.

कृपा करून ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, आणि मध्ये थांबून रिम गार होऊ द्या. शक्य असेल तर डिस्कब्रेकचीच सायकल न्या; त्यात ब्रेक रिमला नाही, चाकाच्या मध्यावरच्या चकतीला लागतो.

बाकी चंदगडी बोली ऐकायला मात्र तिकडे जाच. मराठीच, पण मध्येच कोकणी हेल, मध्येच कानडी शब्द. सीमा नकाशावर असते, तिथल्या चहाच्या टपरीवर मला ती कुठे दिसली नाही.